दोषांच्या रकान्यातलं अंगडं

मला जपानी वाचता येत नाही, बोलता येत नाही आणि जपानला मी अजून गेलेलेही नाही. हे आधीच सांगून टाकते. कारण मंडळाच्या गणपतीत दरवर्षी कुणीतरी माझी ओळख करून देतं, "या शालिनीकाकू, जपानी आर्टमधल्या एक्सपर्ट," आणि मग समोरचा माणूस माझ्याशी सुशीबद्दल बोलायला लागतो. मी शाकाहारी आहे हो.

तर माझं काम काय, ते सांगते. ओहायोत, आमच्या डब्लिनपासून वीस मिनिटांवर एक लिलावघर आहे. म्हातारी माणसं घरं आवरतात, मुलांना कपाटं नको असतात, मग सगळं सामान आमच्याकडे येतं. आम्ही त्याचे फोटो काढतो, वर्णन लिहितो, कॅटलॉग ऑनलाइन टाकतो आणि शनिवारी लिलाव होतो. आता तुम्ही म्हणाल, यात जपानी कुठून आलं? तर डब्लिनमध्ये जेवढे मराठी, तेवढेच जपानी. जवळच जपानी मोटारींचा मोठा कारखाना आहे, आमचे हे तिथेच इंजिनियर होते. जपानी कुटुंबं येतात, पाच-सात वर्षं राहतात, परत जाताना बश्या, पेट्या, किमोनो मागे ठेवून जातात. शिवाय पूर्वी लष्करातली माणसं तिकडून काय काय घेऊन आलेली. असं ते सगळं फिरत फिरत आमच्या टेबलावर येतं.

मी तिथे लागले ती चिकटवायला. म्हणजे लेबलं चिकटवायला. मुलगी कॉलेजला गेली होती, घर खायला उठलं होतं, वय पन्नाशीच्या पुढे आणि शिक्षण बी.ए.चं पहिलं वर्ष. दुसऱ्याच दिवशी सहा निळ्या बश्या आल्या. ग्लेन आमचा मालक, चांगला माणूस, त्याने सहाही बश्यांना एकच वर्णन लिहिलं, 'निळी बशी, डिझाइन असलेली.'

मी म्हटलं, "ग्लेन, या सहाच्या सहा वेगळ्या आहेत."

"डिझाइन म्हणजे डिझाइन, शॅली." शालिनीचं शॅली त्याने पहिल्या दिवशीच केलं होतं.

"मग तुझ्या त्या जुन्या ट्रकला मी 'चाकं असलेली वस्तू' म्हणू का?"

त्याच्या ट्रकवर त्याचा फार जीव. त्याने पेन माझ्यापुढे सरकवलं, "मग तूच लिही."

झालं. मी लिहायला लागले ती गेली अकरा वर्षं लिहिते आहे.

शिकले कशी? लायब्ररीतून चित्रांची पुस्तकं आणली. पण खरी शिकले ठिपक्यांवरून. लहानपणी सांगलीला आमच्या दारात मी रोज रांगोळी काढायची. अकरा ते सहा ठिपके, नऊ ते पाच ठिपके. हाताला सवय अशी लागलेली की कुठलीही नक्षी दिसली की मला आधी रेघा दिसतच नाहीत, त्यांच्याखालचे ठिपके दिसतात. जपानी नक्षीचं तेच तर आहे! एक छोटा घास असतो, तोच पुन्हा पुन्हा मांडलेला. तो घास शोधायचा, कागदावर ठिपके द्यायचे आणि स्वतःच्या हाताने काढून बघायचं. एकदा हाताने काढली की ती नक्षी पुन्हा चुकत नाही. मग ती वही घेऊन दोन घरं सोडून राहणाऱ्या योशिकोकडे जायचं. योशिको माझ्याच वयाची, तिचे यजमान आणि आमचे हे एकाच विभागात होते. ती चहा करते, वही बघते आणि नाव सांगते. आमच्या दोघींचं इंग्रजी लंगडं, त्यामुळे आमचं छान जमतं. कुणीच कुणाला हसत नाही.

नावं तर इतकी गोड! सहा कोनांची नक्षी म्हणजे किक्को, कासवाची पाठ, दीर्घायुष्यासाठी. एकमेकांत अडकलेली वर्तुळं म्हणजे शिप्पो, ती आपण बांगडी ठेवून काढायचो तीच. एकावर एक चढलेल्या कमानी दिसतात अगदी माशाच्या खवल्यांसारख्या, पण त्यांना म्हणायचं सेइगाइहा, समुद्राच्या लाटा. आणि खवले, म्हणजे उरोको, म्हणतात कशाला, तर साध्या त्रिकोणांना! मी योशिकोला म्हटलं, "तुमच्या लोकांनी लेबलं उलटसुलट चिकटवलीत." ती म्हणाली, "पाचशे वर्षं उशीर झाला, शालिनी-सान. आता चिकटलेली राहू दे."

गिऱ्हाइकं एकेक अशी भेटतात! एका चर्चमधल्या आजीबाईंनी नातवासाठी आमच्याकडून बाळाचं जपानी दुपटं घेतलं होतं. त्यावर सहा पाकळ्यांच्या चांदणीसारखी नक्षी होती, आसानोहा. मी कॅटलॉगमध्ये अर्थासकट लिहिलं होतं की हे भांगेच्या जातीच्या झाडाचं पान. आजीबाईंचा फोन आला, आवाज थरथरतोय. "तुम्ही माझ्या नातवाला गांजात गुंडाळलंत?" मी त्यांना शांतपणे समजावलं की ते झाड सरळ आणि भराभर वाढतं, म्हणून तिकडे बाळाच्या कपड्यावर हीच नक्षी घालतात, बाळही तसंच वाढावं म्हणून. दोन वर्षांनी त्या स्वतः आल्या. नातू त्याच्या वर्गात सगळ्यात उंच. त्यांनी आणखी दोन दुपटी मागितली.

आणि एक पैलवानासारखा माणूस. दंडावर गोंदलेलं, बाणांच्या पिसांची रांगच रांग. गोंदणाऱ्याने त्याला सांगितलं होतं की हे योद्ध्याचं चिन्ह. मला विचारायला आला. मी म्हटलं, "बाबा रे, हे यागासुरी. सुटलेला बाण परत येत नाही, तसं मुलीने सासरहून परत येऊ नये म्हणून नवरीला हे कापड देतात." तो दंडाकडे बघून म्हणाला, "तरीच. माझी बायको कधी परत आलीच नाही." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तोच खो खो हसायला लागला, म्हणाला, "देवाचे आभार आहेत, मॅम."

असं सगळं मजेत चाललेलं. दहा वर्षांत माझ्या नावावर एकही दुरुस्तीची चिठ्ठी नव्हती. दुरुस्तीची चिठ्ठी म्हणजे कॅटलॉग बाहेर पडल्यावर वर्णन चुकलं असं कळलं, तर लिहिणाऱ्याने सही करून भिंतीवर लावायची ती. ग्लेनच्या भिंतीवर बाकी सगळ्यांच्या होत्या. घड्याळांची वर्णनं लिहिणारा आमचा घड्याळवाला, त्याच्या तर एवढ्या की तिथे वॉलपेपर लागत नाही. माझी एकही नाही, याचा मला गर्व होता. घरी आमचे हे म्हणायचे, "आली आमची चिंध्यांची प्राध्यापिका!" आणि मी मनातून फुलायची.

मग गेल्या वर्षी ते कापड आलं.

डेनिस नावाचा गृहस्थ आईचं घर रिकामं करत होता. पासष्टीचा, दारातून येताना किंचित वाकणारा, आयुष्यभर नळजोडणीचं काम केलेला. त्याची आई फुमी जपानहून लग्न करून ओहायोतल्या एका लहानशा गावात आलेली. वडील अमेरिकन सैनिक. त्याने दोन खोके ठेवले, म्हणाला, "मला यातलं काही कळत नाही, मॅम," आणि गेला. वरच्या खोक्यात बश्या. खालच्या खोक्यात शिवणयंत्रावर घालायचं आच्छादन, ठिगळाठिगळांचं, आपल्या गोधडीसारखं. तळहाताएवढे, कधी त्याहूनही लहान तुकडे, एकाला एक जोडलेले.

अहो, मला काय आनंद झाला! मी चष्मा पुसला, वही काढली आणि दोन दिवस ते घेऊन बसले. एकेक तुकडा, एकेक नक्षी. लाटा, कासवाची पाठ, बाण, खवले, भांगेचं पान. एकतीस जपानी नक्ष्यांची नावं लिहिली मी! एवढी मोठी यादी आमच्या कॅटलॉगमध्ये कधी आली नव्हती. ग्लेन म्हणाला, "शॅली, हे वर्णन आहे की टेलिफोन डिरेक्टरी?"

वर्णनाच्या खाली एक रकाना असतो, दोषांचा. तिथे प्रामाणिकपणे लिहायचं असतं. मी लिहिलं, एक, बरेच तुकडे जपानी नाहीत, लाल चौकडा, कोंबड्यांची छापील पिशवी, गादीचं पट्ट्यांचं कापड, म्हणजे नंतर केलेली दुरुस्ती. दोन, मधोमध एक फाटलेली चीर, शिवून बंद केलेली. तीन, चिरेच्या खाली लाल दोऱ्याचे भरकटलेले टाके आणि एक लोंबता दोरा. तो लोंबता दोरा फोटोत वाईट दिसत होता. वीतभर होता. मी कात्री घेतली आणि कापला. आम्ही नेहमी कापतो. कापलेले दोरे मी टाकत नाही, बिस्किटांच्या डब्यात ठेवते, तसा ठेवला.

कॅटलॉग ऑनलाइन गेला. दुसऱ्याच दिवशी एका बाईची बोली आली. ही बाई आमची नेहमीची. जुनं कापड घेते, कापते आणि दागिन्यांच्या डब्यांना लावते. तिने फोन करून विचारलंही, "चांगले तुकडे सुटे होतील ना?" मी म्हटलं, "होतील की. नव्वद तरी होतील." असं मी म्हटलं. माझ्या तोंडाने.

गुरुवारी संध्याकाळी मी मिरवायला म्हणून फोनवर फोटो घेऊन योशिकोकडे गेले. एकतीस नावं आणलीत, आता बघ म्हटलं. ती चहा ओतत होती. फोटो बघितला आणि ती ओतायची थांबली.

"एकूण तुकडे किती?"

"शहाण्णव."

"ते शंभरच म्हणायचे. या चिरेच्या खाली टाके होते?"

"हो, लाल. वेडेवाकडे."

"वेडेवाकडे नाहीत. मोज."

फोटो मोठा करून मोजले. नऊ सरळ खाली, तीन तिरके. बारा.

योशिकोने कप खाली ठेवला. तिचं इंग्रजी अशा वेळी अगदी कमी होतं, त्यामुळे तिने उठून हातानेच दाखवलं. हे दोन्हीकडचे तुकडे उचल, अशा बाह्या. ही चीर म्हणजे गळा. हे आच्छादन नव्हतंच. हे लहान मुलाचं अंगडं होतं, उसवून सपाट केलेलं. किमोनोचं कापड सरळ पट्ट्यांत कापतात, त्यामुळे उसवलं की पुन्हा नुसतं कापड होतं, अंगाचा आकार उरतच नाही. पूर्वी ज्या घरी मुलं जगत नसत, त्या घरची आई दारोदार जाई. शंभर घरांतून एकेक तुकडा मागून आणायचा आणि त्याचं अंगडं शिवायचं. शंभर घरांचा आशीर्वाद त्या मुलाच्या अंगावर. आणि मोठ्यांच्या किमोनोला पाठीवर शिवण असते, ती पाठ राखते. बाळाच्या कपड्याला शिवण नसते, म्हणून आई तिथे बारा टाके घालते, वर्षाच्या बारा महिन्यांचे.

"आणि तो लोंबता दोरा?" मी विचारलं. मला उत्तर नको होतं खरं तर.

"तो देवासाठी. मूल पाण्यात पडलं, चुलीत पडलं, तर त्याला वर ओढायला देवाच्या हाती काहीतरी हवं ना."

माझ्या वडिलांचं नाव भिकाजी. त्यांच्या आधीची तीन भावंडं गेली, म्हणून आजीने पाच घरी पदर पसरून भिकेत मिळालेल्या पैशांतून त्यांच्या कानात वरच्या पाळीला बाळी घातली होती. भिकबाळी. आता आमच्या मंडळाच्या ढोलपथकातली आयटीतली पोरं हौसेने घालतात, स्टाइल म्हणून. पण मी ती बाळी वडिलांच्या कानात बघत मोठी झाले. योशिको सांगत होती आणि मला त्यांचा कान दिसत होता. भीक मागून आणलेलंच मुलाला राखतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आणि तेच मी दोषांच्या रकान्यात लिहून बसले होते. एकतीस नावं मला आली, फक्त ते आहे काय हे आलं नाही.

शुक्रवारी सकाळी मी ग्लेनच्या टेबलासमोर उभी राहिले. आमच्याकडे नियम आहे, बोली लागलेली वस्तू मागे घेता येत नाही. एकच वाट आहे, वर्णन चुकलं असं लिहिणाऱ्याने कबूल करायचं आणि ज्याची वस्तू आहे त्याने ती परत मागायची.

"मला दुरुस्तीची चिठ्ठी दे," मी म्हटलं.

ग्लेन खुर्चीत सरळ झाला. "तुला? शॅली, एक तुकडा चुकला असेल तर सोडून दे, कुणाला कळणार आहे?"

"एक तुकडा नाही. सगळंच."

मी लिहिली. सही केली. भिंतीवर घड्याळवाल्याच्या चिठ्ठ्यांच्या शेजारी लावली. घड्याळवाला उठून आला, वाचली आणि मला म्हणाला, "वेलकम." मग डेनिसला फोन केला. कापणाऱ्या बाईंनाही केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझी बोली काढून टाक. माझा हात कसा चालेल?"

आता सगळं डेनिसवर होतं. त्याला ते नकोच असेल तर? तो म्हणाला असता, विका हो मॅम, तर नियमाने ते विकलंच गेलं असतं, आणि पुढच्या घेणाऱ्याच्या हातातही कात्री असू शकते.

तो दुपारी आला, कामाच्या बुटांनीच. मी ते कापड टेबलावर पसरलं, योशिकोने दाखवलं तसं दोन्हीकडून उचलून धरलं. बाह्या झाल्या. एवढंसं अंगडं, आणि समोर एवढा मोठा माणूस.

"डेनिस, तुमच्या आधी तुमच्या आईला मुलं झाली होती का?"

तो म्हणाला, "दोन. ती बोलायची नाही. बाबांनी सांगितलं होतं."

मग मी सांगितलं. सगळं, अगदी दोरा कापल्यापर्यंत. मला वाटलं, झालं, आता हा रागावून निघून जाणार. मी घाबरून माझी यादी वाचायला लागले, कारण मला तेवढंच येतं. "ही लाट, शांत आयुष्यासाठी. हे कासव, दीर्घायुष्यासाठी. हे भांगेचं पान, मूल सरळ वाढावं म्हणून. हे तुमच्या आईने तिकडून आणलेल्या कपड्यांतले असणार. आणि हे बाकीचे..." मी अडखळले. "हे काही मला ओळखता येत नाहीत. मी त्यांना दुरुस्ती म्हटलं होतं. पण दोरा सगळीकडे एकच आहे, हातही एकच."

डेनिसने त्याचं जाडजूड बोट लाल चौकड्यावर ठेवलं.

"हा मिसेस बेकर यांच्या स्वयंपाकघरातला पडदा," तो म्हणाला. "मी लहानपणी रोज तिथे कुकी खायला जायचो."

मग बोट सरकलं. "या कोंबड्या... ही कोपऱ्यावरच्या फार्मची दाण्याची पिशवी. त्यांच्या सगळ्या मुलींचे फ्रॉक याचेच होते." पट्ट्यांचं कापड. "हे बहुतेक रेल्वेत काम करणाऱ्या आमच्या शेजाऱ्याच्या गादीचं. तो माझ्या आईशी कधी बोलायचा नाही, ती जपानी म्हणून. वर्षानुवर्षं बोलला नाही." तो त्या तुकड्याकडे बघत राहिला. "पण दिला वाटतं त्याने."

त्या गावात शंभर जपानी घरं कुठली? बाई नवी, भाषा येत नाही, आणि ती दारोदार गेली. आणि गावाने दिलं.

मग आम्ही दोघं त्या टेबलाशी बसलो. जपानी तुकडा आला की मी नाव सांगायची, ओहायोचा आला की तो सांगायचा. किक्को. मिस्टर रायली. उरोको. चर्चच्या ऑर्गनवाल्या बाई. ग्लेन दारात उभा राहून ऐकत होता. घड्याळवालाही आला. शेवटी माझ्या एकतीस नावांना त्याची बावीस नावं झाली, आणि त्याची वजनदार होती, कारण त्याची माणसं होती.

"मॅम, हे मी विकत नाही," डेनिस म्हणाला. नाक लाल झालं होतं त्याचं. मग एकदम हसला. "मी दोनदा छपरावरून पडलोय. एकदा विहिरीत. दरवेळी डॉक्टर म्हणायचे, वाचलास कसा?"

मी बिस्किटांचा डबा उघडला. लाल दोरा वरच होता. मी विचारलं, "तो मी कापला. पुन्हा लावून देऊ? तुमची परवानगी असेल तर."

तो हो म्हणाला. गुरुवारी मी निघताना योशिकोने नवं लाल रेशीम दिलं होतं, कारण जुना दोरा गाठीत गेला की लोंबायला फारसा उरणार नव्हता. मी जुना नव्यात गुंफला, सुई ओवली, बारा टाक्यांच्या शेवटाशी घट्ट गाठ मारली. मग कात्री हातात घेऊन थांबले. या वेळी विचारल्याशिवाय कापणार नव्हते.

"किती लांब ठेवू?"

डेनिसने स्वतःच्या पोटाकडे बघितलं.

"लांब ठेवा, मॅम," तो म्हणाला, "आणि दुहेरी घ्या. तेव्हा मी सात पौंडांचा होतो. आता ओढायचं म्हणजे दोनशे साठ."